क्यूचे पैसे पुढच्या टोकाला असतात

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. माझे वडील पुण्यातल्या एका जिमखान्यात मार्कर होते. बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मोजायचे, बॉल पुसायचे, टेबलाच्या कापडावर ब्रश आणि इस्त्री फिरवायचे आणि सभासदांच्या क्यूंना, म्हणजे खेळायच्या काठ्यांना, टिपा, म्हणजे टोकाच्या टोप्या, बसवायचे. टिपांचं काम मी त्यांच्याकडून उचललं, ते अजून करते. संध्याकाळी मुलांना शिकवते. या वेळच्या टपालात घरी पूल खेळणाऱ्यांचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून आजचं सगळं सदर त्यांना.

प्रश्न : ताई, नवीन घरात आम्ही सात फुटी पूल टेबल घेतलं. खोली तेरा फूट बाय सोळा फूट आहे. टेबलासोबत चार स्टिक फुकट मिळाल्या, पण त्यातल्या दोन स्टिकच्या टिपा लगेच निघाल्या आणि एक चक्क वाकडी आहे. आता एकच, पण चांगली घ्यायची आहे. दहा हजारांपर्यंत तयारी आहे. दुकानदार मेपल, लो डिफ्लेक्शन, स्टीलचा जॉइंट असं बरंच बोलला आणि शेवटी ड्रॅगनचं चित्र असलेली एक स्टिक हातात दिली. मुलगा तिच्यावरच अडून बसला आहे. नेमकं काय बघून घ्यायचं?
— एक वाचक, तळेगाव

उत्तर : दुकानात जायच्या आधी टेप घेऊन घरातच उभे राहा. सात फुटी टेबलाची खेळायची जागा, म्हणजे एका कुशनच्या (टेबलाच्या काठाच्या रबरी पट्टीच्या) कडेपासून समोरच्या कुशनच्या कडेपर्यंत, साधारण ३९ इंच बाय ७८ इंच भरते. पूलचा नेहमीचा क्यू ५८ इंचांचा. पांढरा बॉल कुशनला चिकटून थांबला की अख्खा क्यू टेबलाबाहेर जातो आणि हात मागे घ्यायला आणखी सहा इंच तरी लागतात. म्हणजे कुशनपासून भिंतीपर्यंत ६४ इंच हवेत. तुमची खोली १५६ इंच रुंद. त्यातून ३९ गेले, उरले ११७. टेबल मधोमध असेल तर बाजूला साडेअठ्ठावन्न. लांबीचे १९२, त्यातून ७८ गेले, उरलेल्याचे निम्मे ५७. थोडक्यात, बाजूंना क्यू कसाबसा मावतो आणि दोन्ही टोकांना भिंतीचा रंग काढतो.

टेबल मधोमधच हवं असा नियम कुठेही नाही. रुंदीच्या दिशेनं ते साडेपाच इंच सरकवा. एका लांब बाजूला पूर्ण ६४ इंच मिळतील, दुसऱ्या बाजूला ५३ उरतील. लांबीच्या दिशेनं हलवू नका. मग ५३ आणि ५७ वाल्या जागांसाठी ४८ इंचांचा एक साधा आखूड क्यू कोपऱ्यात ठेवा; ५३ च्या बाजूला हात मागे घ्यायला सहाऐवजी पाच इंच मिळतील, एवढंच. आखूड म्हणजे लुटुपुटीचा नव्हे. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांत क्यूची किमान लांबी ४० इंच आहे, त्यामुळे पाहुण्यांनी नाक मुरडलं तर खुशाल सांगा. ज्यांनी अजून टेबल घेतलेलं नाही त्यांनी हाच हिशेब मांडावा : आठ फुटी टेबलाला १४ फूट ४ इंच बाय १८ फूट खोली लागते, नऊ फुटीला १४ फूट १० इंच बाय १९ फूट. आठ फुटी टेबल घेऊन त्याचं कायमचं जेवणाचं टेबल झालेली घरं मी पाहिली आहेत.

आता बॉल मोजा. आकडे लिहिलेले, पट्ट्यांचे आणि भरीव रंगांचे बॉल असतील आणि व्यास ५७ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर तुम्हाला अमेरिकन पद्धतीचा पूल क्यू हवा. टिपेचा व्यास साडेबारा ते तेरा मिलिमीटर. लाल-पिवळे छोटे बॉल असतील तर तो इंग्लिश पूल. त्याचे क्यू टोकाला बरेच बारीक असतात. हे न बघता क्यू घेणारे खूप आहेत, आणि विकणाराही आपण होऊन विचारत नाही.

दुकानात गेल्यावर जोडलेला क्यू डोळ्याशी धरून बटाकडून, म्हणजे मागच्या जाड भागाकडून, टिपेकडे बघा, सुतार फळीची कड बघतो तसं, आणि हळूहळू फिरवा. बाक असेल तर एका ठिकाणी तो स्पष्ट दिसतो. मग टेबलावर किंवा काउंटरच्या सपाट काचेवर घरंगळवा. टीप वरखाली नाचायला लागली की समजा काहीतरी गडबड आहे. पण तेवढ्यावर तो नाकारू नका. क्यू जॉइंटपाशी, म्हणजे मधल्या जोडापाशी, उघडून शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) वेगळा आणि बट वेगळा घरंगळवून बघा. दोन्ही सरळ आणि जोडल्यावर वाकडा, म्हणजे जॉइंटची तोंडं नीट घासलेली नाहीत. तसा क्यू नको. शाफ्टच वाकडा असेल तर प्रश्नच मिटला. दुकानदार म्हणेल, ‘एवढं चालतं.’ चालतं ते त्याला.

नंतर शाफ्टचं लाकूड. पूल क्यूला कठीण मेपल लागतं, उत्तर अमेरिकेतलं. रेषा बारीक हव्यात आणि त्या टिपेपासून जॉइंटपर्यंत शाफ्टच्या लांबीला धरून गेलेल्या हव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाजूनं बाहेर पडत असतील तर ते लाकूड पुढे तिकडेच वाकतं. स्वस्तातले क्यू बऱ्याचदा रामिन नावाच्या लाकडाचे असतात. नवे असताना ते सरळ दिसतात. जाड चकचकीत पॉलिशखाली लाकडाच्या रेषाच दिसत नसतील तर तो शाफ्ट घेऊ नका. झाकायला काही नसेल तर एवढं रंगवायचं कशाला? शिवाय त्या पॉलिशवर घामट बोटं चिकटतात.

मग टीप. तुमच्या फुकटच्या क्यूंच्या टिपा निघाल्या त्या बहुतेक आट्यांच्या असतील, म्हणजे टिपेच्या बुडाशी धातूचा छोटा स्क्रू असतो आणि तो प्लास्टिकच्या फेरूलमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या टोपणात, पिळलेला असतो. जोरात ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारला की सैल होतो. चांगल्या क्यूची टीप चामड्याची असते आणि गोंदानं चिकटवलेली असते. थरांची टीप, म्हणजे पातळ चामड्याचे अनेक पापुद्रे दाबून केलेली, आकार जास्त दिवस धरते. एकसंध चामड्याची निळसर एल्क मास्टर मऊ असते, हाताला छान लागते, पण लवकर पसरते. घरच्या खेळाला मध्यम कडकपणाची थरांची टीप घ्या. तिचा घुमट आपल्या हल्लीच्या छोट्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळला पाहिजे. नाणं टिपेवर उभं धरून बाजूनं बघा, फट दिसायला नको. सपाट टिपेनं साइड, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावी-उजवीकडे, मारायला गेलात तर मिस-क्यू ठरलेला, टीप बॉलवरून निसटणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्यूचे पैसे शाफ्टच्या पुढच्या हातभर लाकडात आणि त्याच्या टोकाला असलेल्या चामड्यात असावेत. बॉलला बाकी काही लागतच नाही. दहा हजारांच्या क्यूत सात हजारांची नक्षी आणि तीन हजारांचा शाफ्ट असेल तर तुम्ही तीन हजारांचा क्यू घेतला. ड्रॅगननं आजवर एकही बॉल पॉकेटमध्ये घातलेला नाही. मुलाचा हट्टच असेल तर साधा क्यू घ्या आणि ड्रॅगनचं स्टिकर बटावर चिकटवा. खरंच सांगते, माझ्याकडे येणाऱ्या एका पोरानं बटावर मारुती चिकटवलाय आणि तो उत्तम खेळतो.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. १८ ते २१ औंस, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅम, एवढ्यात बहुतेक क्यू येतात. १९ औंसांचा घ्या. अनेक क्यूंत बुडाचं रबर काढलं की आत वजनाचा बोल्ट असतो, तो बदलून औंसभर इकडेतिकडे करता येतं. तोल मात्र बघा : क्यू एका बोटावर आडवा ठेवल्यावर बुडापासून १८-१९ इंचांवर तोलला पाहिजे. आणि बुडाकडून हलकेच तळहातावर आपटून आवाज ऐका. आत काही खुळखुळलं किंवा झिणझिणलं तर बोल्ट किंवा जॉइंट सैल आहे.

जॉइंट स्टीलचा की लाकडाला लाकूड भिडणारा, यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत. दोन्ही चांगले असतात. बघायचं ते एवढंच की दोन तुकडे घट्ट बसल्यावर मध्ये नखही शिरू नये. आणि जॉइंटचा प्रकार बिलावर लिहून घ्या, उदाहरणार्थ मधल्या खिळ्याची ५/१६ इंच जाडी, इंचाला १८ आटे. पुढे कधी फक्त शाफ्ट बदलायचा झाला तर हीच माहिती लागते, आणि तेव्हा दुकान त्या जागी असेलच असं नाही.

राहिलं लो डिफ्लेक्शन. बॉलला डावीकडे साइड मारली की पांढरा बॉल निघताना किंचित उजवीकडे सरकतो, उजवीकडे मारली की डावीकडे. शाफ्टचं टोक जितकं जड, तितकं हे सरकणं जास्त. म्हणून काही कंपन्या शाफ्टचं टोक आतून पोकळ करतात किंवा हलकं साहित्य वापरतात. १९९४ साली सुरू झालेल्या प्रेडेटर कंपनीनं या प्रकारावरच नाव कमावलं. गोष्ट खरी आहे, जाहिरातबाजी नाही. पण ती साइड मारणाऱ्याच्या उपयोगाची. तुम्ही बॉलच्या मध्यावर मारायला शिकत असाल तर तुमच्या खेळात फरक पडणार नाही, आणि दहा हजारांत खरा लो डिफ्लेक्शन शाफ्ट मिळतोय असं कोणी म्हणालं तर मी दोनदा विचारीन.

पकडीला गुंडाळलेला धागा, चामडं, रबर की नुसतं लाकूड, हे हात ठरवतो. घाम जास्त येत असेल तर धागा किंवा चामडं बरं.

आणि ते चार फुकटचे क्यू टाकू नका. त्यातला सगळ्यात सरळ निवडा, आट्याची टीप आणि प्लास्टिकची फेरूल काढून नवी फेरूल आणि कडक टीप बसवून घ्या. तो ब्रेकचा आणि पाहुण्यांचा क्यू. सगळ्यात वाकड्या क्यूचं काय करायचं ते तुम्ही बघा. आमच्याकडे पंख्यावरची जळमटं काढायला एक आहे.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात घेतलेला माझा क्यू पावसाळा संपेपर्यंत मध्यावर वाकला. भिंतीला टेकवून ठेवत होतो, बाकी काही केलं नाही. उन्हात ठेवला, पाट्याखाली दाबला, तरी सरळ होत नाही. इलाज आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बाकी काही करायची गरजच नव्हती, भिंतीला टेकवणं पुरलं. चिपळूणची पावसाळ्यातली भिंत म्हणजे ओलच. लाकूड हवेतलं पाणी घेतं, फुगतं. भिंतीकडची बाजू जास्त घेते, खोलीकडची कमी. वर तिरप्या क्यूचं स्वतःचं वजन चार महिने मध्यावर. अशात कुठलंही लाकूड वाकणार.

ऊन, वाफ, पाटा, वरवंटा सगळं थांबवा. उन्हानं एक बाजू झटकन वाळते आणि वाकणं दुसरीकडे जातं. चिरही पडू शकते. वाक किती आहे ते बघा. सपाट काचेवर शाफ्ट घरंगळवताना खालची फट दोनएक मिलिमीटर किंवा कमी असेल तर त्याच्याशी खेळता येतं. युक्ती अशी की वाकाची दिशा शोधून बटावर पेन्सिलीनं छोटी खूण करा आणि खूण नेहमी वर येईल असा क्यू धरा. वाक उभ्या दिशेत राहिला की डावी-उजवीची नेमबाजी बिघडत नाही. जुन्या खेळाडूंत असे कितीतरी जण होते ज्यांचा लाडका क्यू वाकडा होता आणि दुसऱ्याला तो हातातही धरवत नसे. फट जास्त असेल तर नवा शाफ्ट घ्या, बट तोच चालेल.

पुढच्या पावसाळ्यासाठी : क्यू उघडून, दोन तुकडे केसमध्ये, केस आडवी, आतल्या भिंतीच्या कपाटात. माळा नको, गाडीची डिकी तर अजिबात नको. औषधांच्या बाटल्यांत आणि नव्या चपलांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या केसमध्ये टाका आणि अधूनमधून बदला. खेळून झाल्यावर शाफ्ट कोरड्या मऊ कापडानं पुसायचा. शाफ्ट चिकट झाला तर कापड किंचित ओलं करून पुसा, लगेच कोरडं करा आणि चामड्याच्या तुकड्यानं गरम होईपर्यंत चोळा. पॉलिश पेपर घेऊन बसू नका. प्रत्येक वेळी लाकूड जातं, आणि तेराचा शाफ्ट बाराचा झाला हे लक्षातही येत नाही.

बोटं चिकटतात म्हणून पावडर लावण्याची आपल्याकडे सवय आहे. कोकणात आणि मुंबईत मी ती समजू शकते, पण ती पावडर टेबलाच्या कापडात जाऊन बसते. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लोव्ह घ्या.

प्रश्न : आजोबांचा स्नूकरचा क्यू माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यात सापडला. एकाच तुकड्याचा आहे, बट काळा, बाणांसारख्या रेषांचं फिकट लाकूड, टोकाला पितळ. भाऊ म्हणतो मध्ये कापून जॉइंट बसवू आणि घरच्या पूल टेबलावर वापरू. करावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावाच्या हातातली करवत आधी काढून घ्या.

ते बाण म्हणजे ॲश लाकडाची ओळख, आणि काळा बट बहुधा एबनीचा. आपल्याकडच्या जिमखान्यांत इंग्लिश पद्धतीचं बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळलं जायचं, त्यामुळे चांगले जुने क्यू सापडतात ते असेच. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. त्या काळात इकडे पूल कोण खेळत होतं? माझ्या वडिलांना तर पूल हा खेळच वाटायचा नाही. ‘एवढ्या मोठ्या पॉकेटात म्हैससुद्धा जाईल’, असं म्हणायचे.

तुमच्या क्यूच्या टिपेचा व्यास साडेनऊ-दहा मिलिमीटर असेल. तो स्नूकरच्या साडेबावन्न मिलिमीटरच्या बॉलसाठी. पूलचा बॉल त्याहून मोठा आणि जड, १५६ ते १७० ग्रॅमचा. हलक्या हातानं दोनचार फटके मारले तर काही बिघडणार नाही, पण त्या क्यूनं पूलचा ब्रेक मारलात तर बारीक टोक, टीप आणि पितळी फेरूल या सगळ्यांवर ताण येतो. फेरूल हलली की तिच्याखालचं लाकूड फुटायला वेळ लागत नाही.

बटाच्या काळ्या लाकडाची टोकं शाफ्टच्या लाकडात कशी उतरली आहेत ते बघा. चारही टोकं जराशी उंचसखल आणि बोथट असतील तर ते हातानं जोडलेलं काम असण्याची शक्यता मोठी. बटावर हस्तिदंती रंगाची चकती, नाव किंवा शिक्का असेल तर तोही घासू नका. मऊ कापडानं धूळ पुसा, कोरड्या जागी आडवा ठेवा. माळ्यावरून आधी खाली आणा. गावात स्नूकरचं टेबल असेल तर नवी टीप बसवून तिथे न्या, तो तिथला आहे. घरच्या टेबलासाठी वेगळा पूल क्यू घ्या, वरच्या पत्रातलं सगळं तुम्हालाही लागू.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची, उंची साडेचार फूट. बाबांचा क्यू तिला झेपत नाही, मागच्या टोकानं फुलदाणी फुटून झाली. तिच्यासाठी खेळण्यातला घ्यावा की थांबावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : थांबू नका, खेळण्यातलाही घेऊ नका. ५२ इंचांचा खरा क्यू घ्या, वजन सोळा-सतरा औंस. टीप चामड्याची, चिकटवलेली, मोठ्यांच्या क्यूला असते तशीच. मुलांच्या क्यूंना कुठलीही टीप लावून विकतात आणि मग बॉल सुळकन निसटला की मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मोठा क्यू पुढे सरकवून धरायला शिकवतात काही जण. त्यानं मागे दीड हात लाकूड उरतं, टोक जड होतं आणि हात उचलून मारायची खोड लागते. (फुलदाणीचं कारणही तेच.) टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ३० इंचांवर असतो, म्हणजे साडेचार फुटी मुलीला वाकायला फार जागा राहत नाही. पाय डळमळणार नाहीत असा चार-पाच इंचांचा रुंद लाकडी पाट चालेल, स्टूल नको. पहिले काही दिवस बॉल पॉकेटमध्ये घालायला सांगूच नका. पांढरा बॉल समोरच्या कुशनवर सरळ मारायचा आणि तो परत येऊन टिपेला लागला पाहिजे. साइड चुकून लागत असेल तर बॉल बाजूला येतो, कोणी सांगावं लागत नाही. मी मुलांना आणि मोठ्यांना हेच देते, आणि मोठेच लवकर कंटाळतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. पुण्यातल्या मेव्हण्यासाठी कार्बन फायबरचा शाफ्ट आणायचा विचार आहे. त्याच्याकडे आधीचा लाकडी क्यू आहे. पैसे वाजवी आहेत का, आणि विमानात चालतो का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मेव्हणा नशीबवान आहे. कार्बनचा शाफ्ट हवेतल्या ओलीनं वाकत नाही, पुण्याच्या पावसाळ्यातही नाही; चिकट झाला की स्पिरिटच्या कापडानं पुसला की झालं. पांढरा बॉल सरकणंही कमी. पण त्याचा आवाज वेगळा, फटक्याचा निरोप हाताला वेगळा येतो, आणि लाकडाची सवय असलेल्याला तो काही दिवस परकाच वाटतो. मेव्हणा आठवड्यातून एकदा जेवणानंतर खेळणारा असेल तर एवढा खर्च करू नका. रोज खेळत असेल आणि साइड मारत असेल तर जरूर आणा.

आणण्याआधी त्याच्या क्यूच्या जॉइंटचा फोटो मागवा, खिळ्याची जाडी आणि इंचाला आटे किती ते विचारा. ५/१६ इंच जाडीला १४ आटे आणि १८ आटे हे दोन वेगळे प्रकार आहेत, एकात दुसरा बसत नाही; ३/८ इंच जाडीला १० आटे हा तिसरा; रेडियल आणि युनि-लॉक हे आणखी वेगळे. खिळा जुळला तरी जॉइंटचा बाहेरचा व्यास जुळायला हवा, नाहीतर जोडावर पायरी बोटाला लागते.

अमेरिकेतल्या विमानतळांवर क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तो सामानातच टाकावा लागतो. शाफ्ट साधारण २९ इंचांचा, मोठ्या बॅगेत तिरपा बसतो. पीव्हीसीच्या नळीत घालून दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबा. आणि मेव्हण्याला एवढं सांगा, पुढे टीप बदलताना कारागिराला कार्बन आहे हे आधी सांगायचं, शाफ्टला चिकटपट्टी गुंडाळून मगच ब्लेड लावायचं.

प्रश्न : मुलगा शाळेतला खडू टिपेला लावतो. निळा चॉक संपला होता म्हणून मीच दिला. चालतं ना?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही चालत. फळ्यावरचा खडू जिप्समचा किंवा चुनखडीचा, तो टिपेवर भुकटी होऊन बसतो आणि उलट घसरतो. क्यूच्या चॉकमध्ये नावापुरताही खडू नसतो. त्यात वाळूसारखी सिलिका आणि कुरुंदाची खरखरीत पूड असते. १८९७ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं, तेव्हापासून सूत्र साधारण तेच आहे.

ब्रशनं टिपेवरचा पांढरा थर झाडा, टीप वरवर खरवडा आणि नवा चॉक आणा. लावताना चॉक टिपेवर गरागरा फिरवू नका, मध्ये खड्डा पडतो आणि कडा तशाच कोऱ्या राहतात. कुंचल्यासारखा एकाच दिशेनं ओढत टीप फिरवायची. प्रत्येक फटक्याआधी. आणि कुशनच्या लाकडावर ठेवताना निळी बाजू वर, नाहीतर तो निळा रंग आधी लाकडावर, मग मुलाच्या शर्टावर, मग तुमच्या धुण्यात.